कागदावर हात ठेवणाऱ्या बाई

आपण कागद उचलून वाचायला लागलो, की बाई त्यावर पालथा हात ठेवायच्या. पंजा रुंद, बोटं आखूड, मधल्या बोटाला शाईचा कायमचा डाग. "कागद ऱ्हाऊ दे सर," म्हणायच्या. "काल काय झालं, त्ये सांगा."

पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. सगळी नोकरी मी शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. मी वाचायला लागलो की वर्ग चिडीचूप व्हायचा. माझ्या कागदावर हात ठेवायची कुणाची छाती नव्हती.

तर मी एका लहानशा संस्थेचा सचिव आहे. हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण होतात हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. कड्या जोडायचं बरंचसं काम बायका करतात आणि तेही राहत्या खोलीत बसून. टाकणखार लावायचा, गॅसच्या बारीक ज्योतीवर एकेक सांधा जोडायचा आणि उठलेला धूर नाकातोंडात घ्यायचा. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत पाळणा. आमच्या अध्यक्ष म्हणजे एक डॉक्टरीणबाई. दर गुरुवारी त्या हुपरीला जाऊन या बायकांना तपासतात. औषधं देऊन देऊन त्या विटल्या होत्या. "सर, मी खोकल्याचं औषध देते आणि त्या परत त्याच धुरात जाऊन बसतात," म्हणायच्या. त्यांना हवी होती एक शेड. बायकांनी घरातून उठून तिथं यावं, प्रत्येकीच्या डोक्यावर धूर ओढून नेणारी नळी असावी आणि घर घरासारखं राहावं. जागा एकानं देऊ केली होती. अडलं होतं ते अनुदानापाशी.

अनुदानासाठी अर्ज करायचा, म्हणजे ज्याला सगळे प्रपोजल म्हणतात ते लिहायचं, हे काम अर्थातच माझ्याकडे होतं. मी चार लिहिली. "श्रमदेवतेच्या या उपासिकांच्या जीवनातील धूम्रपटल दूर सारून" अशी सुरुवात असलेलं एक तर मला आजही पाठ आहे. चारही परत आली. शेवटच्या वेळी डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "सर, आपण हे लिहायला कुणीतरी बाहेरचं माणूस घेऊ या." राजारामपुरीत पिठाच्या गिरणीवरची खोली म्हणजे आमचं ऑफिस. खालच्या गिरणीच्या घरघरीतसुद्धा माझा आवाज त्या दिवशी रस्त्यावर ऐकू गेला असणार. आपलं दुखणं बाहेरचा माणूस काय लिहिणार? पण डॉक्टरीणबाईंनी ठरवलं म्हणजे ठरलं.

तिघं आले. पहिले गृहस्थ पुण्याहून पडद्यावर बोलले. अर्धा तास बोलले आणि शेवटी त्यांनी विचारलं, "हुपरी म्हणजे नेमकं कुठल्या जिल्ह्यात?" दुसरा मुलगा चलाख. त्यानं आमच्यासमोर लॅपटॉप उघडला, संगणकाला दोन ओळी सांगितल्या आणि चहा यायच्या आत सोळा पानं तयार! मी वाचली. इतकी भारदस्त भाषा, की मला ती माझीच वाटली. मी खूश होऊन डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

तिसऱ्या आल्या त्या बाई. हातकणंगल्याहून एसटीनं. पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. आमच्या खुर्च्यांवर कायम पिठाचा थर असतो. त्या चलाख मुलाला तो दिसला नव्हता. बाईंनी पदरानं खुर्ची पुसली, माझीही पुसली आणि मग बसल्या. मी घसा साफ करून संस्थेचं ध्येयधोरण वाचायला घेतलं आणि तो हात आला कागदावर.

"काल काय झालं, त्ये सांगा."

काल? मी गडबडलो. काल मी लेटरहेडचा नमुना तपासत होतो. ते काय सांगणार? डॉक्टरीणबाईच मदतीला आल्या. काल गुरुवार होता. त्यांनी सुशीलाक्कांच्या नातवाला तपासलं होतं. सुशीलाक्का म्हणजे हुपरीतल्या आमच्या जुन्या पेशंट. त्या आणि त्यांची सून एकाच खोलीत कड्या जोडतात. नातू आठ महिन्यांचा. पाळणा दोघींच्या मध्ये. पोराच्या छातीत घरघर सुरू झाली होती. डॉक्टरीणबाईंनी सुनेला स्पष्ट सांगितलं होतं, याला या खोलीत ठेवायचं नाही, माहेरी नेसरीला पाठव. सुशीलाक्कांनी पोराला उचललं होतं आणि गाडीपर्यंत सोडायला आल्या तरी खाली ठेवलं नव्हतं.

बाईंनी हे ऐकलं. एक अक्षर लिहून घेतलं नाही. मग म्हणाल्या, "उद्या मी हुपरीला जातो. बगतो, आन् मग सांगतो, तुमचं काम घ्याचं का न्हाय त्ये."

घ्या! मुलाखत आम्ही घेत होतो आणि पारख आमचीच चालली होती. वर अट अशी, की अनुदान मिळो न मिळो, लिहिण्याची मजुरी तेवढी द्यायची. मिळालेल्या रकमेतला वाटा नको. "वाटा घेतला की हात वळवळाय लागतो सर," म्हणाल्या. "नसल्यालं बी लिवतो."

दुसऱ्या दिवशी मीही हुपरीला गेलो. देखरेख करायला, असं मी घरी सांगितलं होतं. खरं तर उत्सुकता होती. सुशीलाक्कांच्या खोलीत मी दहा मिनिटं टिकलो आणि डोळे चोळत बाहेर आलो. बाई मात्र सकाळपासून बसून. स्वतः सांधा जोडून बघितला, बोट भाजून घेतलं. "ऊट बाई, चांदी वाया घालवशील माजी," म्हणून आक्कांनी हातातून काम काढून घेतलं. त्यावर दोघी अशा हसल्या, की लहानपणीच्या मैत्रिणी वाटाव्यात.

मग बाईंचा तोच प्रश्न. "आक्का, काल काय काय केलं वो?" आणि आक्का सुटल्या! सकाळी उठल्यापासून तासातासाचं सांगायला लागल्या. वर्षानुवर्षं आम्ही त्यांना 'त्रास काय होतो' असं विचारत होतो आणि त्या 'काय न्हाय' म्हणत होत्या. काल काय केलं हे कुणी विचारलंच नव्हतं.

"खिडकी का लावून घेतलीसा?" बाईंनी विचारलं.

"वाऱ्यानं ज्योत हालती की."

"मंग सरांनी पंखं दिल्यात, त्ये?"

इथं आक्कांनी दाराकडे पाहिलं. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. आदल्या वर्षी मी मोठा कार्यक्रम करून घरोघरी टेबलपंखे वाटले होते. भाषण माझंच होतं. आक्कांनी पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "सर हाईत की हितं."

"सर चा प्याय जात्यात," बाई म्हणाल्या. मी निमूटपणे गल्लीच्या टोकाला गेलो. काही उपयोग झाला नाही. आक्कांचं कुजबुजणं एसटी स्टँडपर्यंत ऐकू जातं. "नणंदंला देऊन टाकला बगा! ज्योत इझती त्यानं, आन् चांदीचा बारीक चुरा उडतो. कुनीच लावत न्हाय. पर सरांस्नी सांगू नगासा. लई मनापास्नं दिल्यात त्यांनी."

मी चहा न पिताच परत आलो.

बाईंनी काम घेतलं. आठ दिवसांत प्रपोजल तयार झालं. इंग्रजीत, तिथल्या तिथं मराठी करून आम्हाला वाचून दाखवलं. पहिल्याच पानावर काय असावं? माझे पंखे! संस्थेनं पंखे वाटले, ते कुणी वापरले नाहीत, कारण वाऱ्यानं ज्योत हलते हे वाटण्याआधी संस्थेनं विचारलं नव्हतं. मी ताडकन उभा राहिलो. आपली फजिती आपणच छापून द्यायची? मागायला जाताना? मग पैसे देणारे दारात तरी उभं करतील का आपल्याला?

"सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "हातचं राखून लिवल्यालं त्यास्नी रोजच येतंय. चुकलं त्ये सांगितलं, की वाटतंय, ह्यांनी आत जाऊन बगितलंय."

मी दोन दिवस ऑफिसला गेलो नाही. घरी बसून माझी जुनी चार प्रपोजलं काढून वाचली. त्यात सुशीलाक्का नव्हत्या. पाळणा नव्हता. खिडकी बंद का, हेही नव्हतं. होतो तो फक्त मी. तिसऱ्या दिवशी गेलो आणि म्हटलं, "बाई, पंखे राहू देत. फक्त 'पंखेवाटपाचे भाषण लांबले' ते वाक्य काढा." बाईंनी विचार केला आणि काढलं. एवढी एकच दुरुस्ती त्यांनी माझी कधी मान्य केली.

आणि एका महिन्यानं फोन! ज्या कंपनीकडे अर्ज केला होता, तिच्या समाजकार्य विभागाची माणसं स्वतः बघायला येणार होती. माझ्या चार प्रपोजलांना कुणी बघायलासुद्धा आलं नव्हतं, आणि आता माणसं येणार! डॉक्टरीणबाईंनी दोनदा चष्मा हरवला. मी नवा शर्ट इस्त्रीला टाकला. बाई एवढंच म्हणाल्या, "हुपरीत कुनाला काय शिकवाय जाऊ नगासा. हाय तसं दिसू दे." मी शपथ घेतली आणि पाळली. कुणालाही काही शिकवलं नाही. फक्त पाहुणे अमुक दिवशी येणार एवढं कळवलं. घात तिथंच झाला.

अहो, पावणं येणार म्हटल्यावर हुपरीच्या बायका काय करतील, हे मला कळायला नको होतं का?

गल्लीच्या तोंडाशी रांगोळी. प्रत्येक दारात ठेवणीतल्या साडीतली बाई, हातात ओवाळायचं ताट. पुण्याहून आलेले साहेब आणि त्यांच्याबरोबरची तरुण मॅडम गाडीतून उतरतात तोच औक्षण सुरू. आक्कांच्या खोलीत शिरलो. खोली आरशासारखी. काम सगळं पलंगाखाली सरकवलेलं. खिडकी सताड उघडी. पाळणा गायब. आणि कोपऱ्यात स्टुलावर, आमची झुलपं उडवत, माझा टेबलपंखा!

शेजारच्या खोलीत पंखा. पलीकडं पंखा. संस्थेची लाज जाऊ नये म्हणून या बायकांनी कुठून कुठून पंखे परत आणून लावले होते. हातातल्या प्रपोजलमध्ये लिहिलेलं, की पंखे कुणी वापरत नाही!

साहेबांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पंख्याकडे. "पंखे तर चालू दिसतात."

"चालूच असत्यात की!" आक्का ठसक्यात म्हणाल्या. "सरांनी दिल्यात."

"आणि धूर?"

"कुटला धूर? काय बी तरास न्हाय बगा आमाला. बसा पावणं, जेवूनच जायाचं."

डॉक्टरीणबाई भिंतीला टेकल्या. मला आक्कांचे पाय धरावेत की ओरडावं हे कळेना. त्या माझ्यासाठी खोटं बोलत होत्या, आणि ज्या पोराला नेसरीला धाडायचं नाही म्हणून हा सगळा आटापिटा, त्याचीच वाट त्यांच्या तोंडून बंद होत होती. साहेबांनी फाईल मिटायला घेतली.

बाई नुकत्याच एसटीनं पोचून दाराशी चपला काढत होत्या. आत आल्या, आक्कांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, काल काय काय केलं वो?"

आक्का सवयीनं सुरू झाल्या. "काल? काल सकाळी उटलो, पानी भरलं, आन् मग नणंदंच्या घरला गेलतो, ह्यो पंखा आणा..."

आणि जीभ चावली.

मग ती तरुण मॅडम हसायला लागली. मग साहेब. मग दारात गर्दी केलेल्या सगळ्या बायका, आणि शेवटी पदरात तोंड लपवून स्वतः आक्का. मीही हसलो. हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते धुराचं नव्हतं हे मी इथं कबूल करतो.

"आता परवा काय केलं त्ये दावा," बाई म्हणाल्या. "काम काडा. खिडकी लावा."

आक्कांनी पंखा बंद केला. खिडकी लावली. पलंगाखालून सामान ओढलं आणि ठेवणीतल्या साडीतच कामाला बसल्या. ज्योत पेटली. कडीला कडी लागत गेली. साहेब पाच मिनिटांत खोकायला लागले, पण उठले नाहीत. मॅडमनं विचारलं, "तुम्ही रोज किती वेळ असं बसता?" यावेळी आक्कांनी खरं सांगितलं. मग शेजारणीकडून पाळणा मागवला, तो रोजच्या जागी आणून ठेवला आणि म्हणाल्या, "माजा नातू ह्यात असतोय. माजं काय न्हाय वो, मी खोकत खोकत बी जगीन. पर ह्येला घेऊन सून निघाली नेसरीला. मला ह्यो हितं पायजे."

त्या दिवशी पाहुणे जेवूनच गेले. साहेबांनी तांबडा रस्सा दोनदा मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात नातू नेसरीला गेलाच. छातीची घरघर थांबायला तयार नव्हती आणि मंजुरीची वाट बघत बसणं त्याला परवडणारं नव्हतं. आक्का स्टँडवर सोडायला गेल्या होत्या, असं सून सांगत होती. गाडी सुटल्यावरही तिथंच उभ्या होत्या म्हणे.

मंजुरीचा फोन आला तेव्हा मी खाली गिरणीत दळण टाकत होतो. वरून डॉक्टरीणबाईंची हाक आली, "सर! दिली! शेड दिली त्यांनी!" मी पिठाच्या हातांनीच जिना चढलो. या वयात दोन दोन पायऱ्या! डॉक्टरीणबाई टेबलावर डोकं ठेवून रडत होत्या आणि हसतही होत्या. मी गिरणीवाल्याला पेढे आणायला पिटाळलं. त्याला कशाचे पेढे ते अजून माहीत नाही, पण त्यानं आणले. तिकडं हुपरीत आक्कांना कळवलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मंग पोराला आणू?" डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं, की शेड उभी राहू दे, मग आणा.

मी बाईंना फोन लावला. मला वाटलं, त्याही ओरडतील.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता नळ्या नीट बगून घ्या, सर. धूर वडत न्हाईत असल्या घिऊ नगासा. मी राज्याच्या सीमंवर एका गावात हाय, हितल्या बायका बोलाय लागल्यात. ठेवतो."

आणि ठेवला. तेव्हा मला कळलं, की आमच्यासारख्या संस्था त्यांना पुष्कळ आहेत. आम्हाला मात्र त्या एकच होत्या. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेडच्या उद्घाटनाला मी त्यांच्यासाठी शाल आणि श्रीफळ घेऊन ठेवलं होतं. पाटीवर नाव घालू का म्हणून विचारलं, तर त्या फोनवर चक्क रागावल्या. आल्याही नाहीत. आक्कांनी फीत कापायची होती. त्या कात्री हातात घेऊन रस्त्याकडे बघत राहिल्या, शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कापा आता, आक्का." मी भाषण केलं नाही. खरंच केलं नाही. बायका आपापल्या जागी बसल्या, ज्योती पेटल्या, आणि धूर सरळ वर गेला. सगळ्या जणी काम सोडून माना वर करून बघत होत्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी कामासाठी हुपरीला गेलो आणि आक्कांच्या घरी डोकावलो. नातू परत आला होता. धरून धरून उभा राहत होता, माझी छत्री ओढत होता. मी आक्कांना म्हटलं, बाई काही आल्या नाहीत, फोनही घेत नाहीत, आता कधी भेटणार कोण जाणे.

"आलत्या की मंगळवारी," आक्का म्हणाल्या.

मी उडालोच. "मला कळवलं नाही?"

"कळवाय कोन हुतं? मी शेडवर. सून म्हणाली, आल्या, पानी प्याल्या, पोराला मांडीवर घितलं. मी दुपारचं जेवाय आलो, तर ह्या हितं चटईवर आडव्या. पोरगं कुशीत. दोगं बी गाढ निजल्याली."

"मग?"

"मग काय? सून म्हणाली, उटवू या, येस्टी जाईल त्यांची. मी म्हटलं, जाऊ दे येस्टी, दुसरी येती. अंगावर पातळ घातलं." आक्का थांबल्या. पोरानं माझी छत्री आडवी पाडली होती, ती त्यांनी उचलून भिंतीला लावली. "आन् मी बसलो हितं उंबऱ्यावर. दोगांचा बी श्वास कसा मोकळा येत हुता, सर. मी आयकतच बसलो. शेडवर जायाचं ऱ्हाऊनच गेलं."